तू पाठवलेला तो लॅपटॉप बघितला

प्रिय बाळा,

काय करूलीस, जेवलीस काय. फोनवर बोलायला लागलो की तुझी मेस, आईचे डबे आणि हॅलो हॅलो ऐकू येतंय काय ह्यातच सगळा वेळ जातो, म्हणून आज सरळ लिहायला बसलोय. म्हणजे टाईपच करूलोय, दादाच्या त्या जुन्या डबड्यावर. त्याची डावीकडची शिफ्ट मेलीय. तूच शिकवलेलीस ना मला इनस्क्रिप्ट, तो मराठी कीबोर्ड, लॉकडाऊनला आपले साडीचे माग बंद होते तेव्हा, त्यात ख घ फ भ सगळी शिफ्टवर आणि व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. आता शिफ्ट पण उजवीच दाबायची आणि अक्षर पण उजव्याच हातानं, म्हणजे एका हातानं मागाचा धोटा फेकून त्याच हातानं झेलायचा असा प्रकार चाललाय. त्यामुळे कुठं ख च्या जागी क पडला असेल तर समजून घे.

तू कॉलेजसाठी घेऊया म्हणतेस त्या लॅपटॉपचा फोटो बघितला. ३१,९९० ला नवीन, चंदेरी, पातळ, सोबत बॅग फुकट. दिसायला देखणा आहे, मी नाही म्हणत नाही. पण तो फोटो मी आपल्या जॉबरच्या, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याच्या, पोराला दाखवला, तोच गणपत गल्लीत रिपेरीचं टेबल घेऊन बसतो तो. त्यानं एक मिनिट बघितलं आणि म्हणाला, काका, लेबल नवीन आहे, सूत जुनं आहे. आता माझ्यासमोर असं बोलल्यावर मी गप्प बसणार काय, स्टूल ओढून तासभर बसलो त्याच्याकडं.

त्यात प्रोसेसर आहे एएमडी कंपनीचा रायझन ३ ७३२०यू. आपल्याला वाटतं सात हजारचा नंबर म्हणजे एकदम ताजा माल. पण ह्या सात हजारवाल्या लॅपटॉप नंबरात पहिला आकडा फक्त वर्षाचा, खरी गोष्ट सांगतो तो तिसरा आकडा. तिथं २ असेल तर आतली घडण झेन २, जी २०१९ ला आली. ३ असेल तर झेन ३, ४ असेल तर झेन ४. म्हणजे ७३२०यू आणि ७५२०यू दोन्ही आतनं जुनेच, आणि ७५३०यू वाचायला जवळजवळ तसाच दिसतो पण तो खरंच बरा, त्यात सहा कोर आहेत, म्हणजे एकदम काम करणारे सहा हात. एका आकड्याचा फरक, दुकानात कोण सांगतंय तुला.

बरं, जुना आहे म्हणून तो अगदीच वाईट असं पण नाही, ब्राऊझर, पीडीएफ, सी चे प्रोग्रॅम हे सगळं तो करेल. माझी अडचण वेगळीच आहे. ह्या जातीच्या प्रोसेसरबरोबर रॅम बोर्डवरच डाग देऊन बसवलेली असते, बदलता येत नाही, वाढवता येत नाही. ८ जीबी घेतलीस तर तिसऱ्या वर्षाला पण ८ च. आणि तुमच्या तिसऱ्या वर्षाला ते मोबाईलची ॲप बनवायचं अँड्रॉइड स्टुडिओ आहे असं तूच सांगितलेलंस, ते १६ मागतंय.

दादाच्या वेळी माझं हेच चुकलं. २०२० ला ऑनलाईन क्लास सुरू झाले, घरात सगळी घाई, मी गेलो आणि त्यातल्या त्यात स्वस्त म्हणून २३ हजाराला उचलून आणला. सेलेरॉन म्हणजे अगदी हलका प्रोसेसर, ४ जीबी रॅम, आणि १ टीबीची फिरती हार्डडिस्क. मला तो १ टीबी आकडा एवढा मोठा वाटला की बाकी काही विचारलंच नाही. चालू व्हायला एवढा वेळ घ्यायचा की आई गॅसवर चहा ठेवून यायची, गाळून आणायची, तरी ते गोल फिरूलंयच. मग दुकानात गेलो रॅम वाढवून द्या म्हणून तर तो हसला, वाढत नाही म्हणाला, चिकटवलेली आहे. विकताना नाही सांगितलं. वर्षभरात बिजागरी पण गेली. शेवटी दादानंच हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, घातली, विंडोज काढून त्याजागी फुकटचं लिनक्स मिंट घातलं, तेव्हा कुठं आता माझ्यासारख्या म्हाताऱ्याला टाईप करण्याएवढा झालाय.

बघ, सेकंडहँड माग घ्यायला आम्ही जातो तेव्हा रंग कुणी बघत नाही. फ्रेम सरळ आहे काय, क्रँकला घसट किती हे बघतो, कारण ते नंतर बदलायचं म्हणजे नवीन मागच घेतल्यासारखं. पट्टा, पिकर, धोटा असलं काय, आज नाही उद्या बदलता येतं, त्यासाठी कोण सौदा मोडत नाही. लॅपटॉपला मी तेच लावलं. स्क्रीन, प्रोसेसर, कीबोर्ड, बिजागरी ही फ्रेम. एसएसडी, बॅटरी, चार्जर हा पट्टा. आणि रॅम मधल्यामध्ये, काही मॉडेलात फ्रेम, काहीत पट्टा, ते मॉडेल बघूनच कळतं. पैसे फ्रेमवर घालायचे.

म्हणून माझं मत आहे कंपन्यांतनं निघालेला रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण नीट करून विकायला ठेवलेला, बिझनेस लॅपटॉप घे. नाक मुरडू नको, आधी वाच. आयटी कंपन्या तीन चार वर्षं वापरून लॉटच्या लॉट काढून टाकतात, बेंगळूरच्या एसपी रोडवर त्याची दुकानंच्या दुकानं आहेत आणि आपल्याकडं पण आता मिळायला लागलेत. लेनोव्हो थिंकपॅड टी४८०, डेल लॅटिट्यूड ५४९०, एचपी एलिटबुक ८४० जी५ ही त्यातली तीन, २०१८ च्या सुमाराची. तिघांत पण रॅमचे दोन दोन स्लॉट. पण टी४८०एस असं शेवटी एस लागलं तर त्यात अर्धी रॅम चिकटवलेली आणि स्लॉट एकच, तो पातळ असतो म्हणून दुकानदार तोच पुढं करतो. कॉलेज रोडला टी४८० बघितला, १६ जीबी, २५६ एसएसडी, २४ हजार सांगूलाय. स्वल्प कडिमी माड्री, जरा कमी करा, म्हणून बघितलं तर पाचशेच कमी करूलाय. तू आलीस की परत जाऊ, तुझं कन्नड माझ्यापेक्षा बरं आहे.

आणि ह्यात एक मोठा खड्डा आहे तो नीट ध्यानात ठेव. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. त्यामुळे सहावी सातवी पिढीवाले लॅपटॉप आता पंधरा सोळा हजाराला गळ्यात मारूलेत, त्यावर विंडोज ११ कसंतरी घालून देतात आणि चालतंय बघा म्हणून दाखवतात. चालतं पण, आज. पुढचे अपडेट येतील ह्याची खात्री मायक्रोसॉफ्ट देत नाही. पिढी ओळखायची सोपी आहे, आय५-७२००यू म्हणजे डॅशनंतर ७, सातवी, नको. आय५-८२५०यू म्हणजे आठवी, चालेल. नुसती पिढीच नाही, ७२०० मध्ये दोन कोर आहेत आणि ८२५० मध्ये चार, एवढा फरक एका वर्षात पडलाय. दोन्हीवर बाहेरनं आय५ चंच स्टिकर. दुकानदार नुसतं आय५ आहे मॅडम म्हणाला तर पुढचा नंबर विचारायचा, लाजायचं नाही.

अगोदर मीच म्हणत होतो की ८ जीबीचा घे, रॅम पुढच्या वर्षी भिशी लागली की वाढवू. पण २०२५ च्या शेवटाला रॅमचे भाव असे चढलेत की जॉबरचा पोरगा म्हणतो काका आता वेगळी विकत घेण्यापेक्षा आत असलेलाच लॅपटॉप उचला. ते एआयचे डेटा सेंटर सगळी रॅम ओढूलेत म्हणे. सुताचा भाव चढला की आम्ही रडतो, आता रॅमला पण तेच. म्हणजे १६ वाला मिळत असेल तर तोच, आणि ८ वाला घेतलाच तर निदान एक स्लॉट मोकळा असला पाहिजे.

दुकानात काय बघायचं ते सांगतो, घाई करायची नाही, अर्धा तास लागला तर लागूदे, त्याला चहा मागवू दे.

पहिलं स्क्रीन. ह्यातल्या काही मॉडेलांत १३६६ बाय ७६८ वाली फिकट स्क्रीन पण आलेली, बाजूनं बघितलं की निगेटिव्हसारखी दिसते. तुला १९२० बाय १०८० पाहिजे आणि आयपीएस, म्हणजे बाजूनं पण नीट दिसणारी. पांढरं पान उघड, कुठं काळा ठिपका, पिवळा डाग हे बघ. मग नोटपॅड उघडून एकूणएक बटण दाबायचं, दोन्ही शिफ्टसकट, माझी दशा बघूलीसच. झाकण हळू उघडझाप करून बिजागरी बघ. चार्जरची पिन हलवून बघ. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट एवढं इंग्रजीत टाईप कर, एक फाईल तयार होते, त्यात बॅटरी नवीन असताना किती घ्यायची आणि आता किती घेते हे दोन्ही आकडे असतात. निम्म्याच्या खाली असेल तर त्याच्याकडनं बॅटरी बदलून घ्यायची नाहीतर तेवढे पैसे कमी. २५६ ची एसएसडी आत २३८ दाखवते, त्यावरनं मात्र भांडू नको, ती मोजायची पद्धत वेगळी आहे, मी भांडून आलोय.

आणि एक, हे मला माहितीच नव्हतं. कंपनीतनं निघालेला लॅपटॉप कधी कधी कंपनीच्या नावावरच अडकलेला असतो. दुकानात छान चालतो, नंतर तू रिसेट मारलास आणि वायफाय लावलंस की तो त्या कंपनीचा लॉगिन मागायला लागतो. म्हणून समोर रिसेट करायला लावायचं, नेट जोडायचं, आणि तुझ्या नावानं सुरू झाला की मगच पैसे. बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या सेटिंगला, पासवर्ड नाही ना ते पण. जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर सिरियल नंबर, आणि दुकानाची वॉरंटी किती महिने ते त्याच बिलावर पेननं लिहून सही शिक्का. ओळखीचा आहे, तोंडी चालतंय असं म्हणणाराच नंतर ओळख विसरतो.

ऑफिस घालून देतो म्हणून वेगळे पैसे मागितले तर नको म्हण. लिब्रे ऑफिस फुकट आहे, आणि कॉलेजची मेल आयडी मिळाली असेल तर मायक्रोसॉफ्टचं त्यावर मिळतं काय ते कॉलेजच्या ऑफिसात विचार. मराठी कन्नड टायपिंगचं पण वेगळं काही घालायला नको, विंडोजमध्ये दोन्ही आहे. गंमत बघितलीस काय, इनस्क्रिप्टमध्ये मराठीचा क आणि कन्नडचा क एकाच बटणावर बसलेत. इकडं बाहेर पाट्या मराठीत की कन्नडमध्ये ह्यावरनं एवढी वर्षं भांडण चाललंय.

तुझ्या रूममेटनं गेमिंगचा घेतलाय म्हणून तुला पण ग्राफिक कार्ड पाहिजे वाटत असेल तर ते सोड. पायथन आणि मायएसक्यूएलला ते लागत नाही, आणि तसला लॅपटॉप सव्वादोन किलोच्या पुढं, वर चार्जर विटेएवढा. तू दर शनिवारी धारवाडहून येणार, बायकांच्या फुकट प्रवासाच्या शक्ती योजनेमुळं तिकीट नाही लागत तुला पण गर्दी लागते की, आधार कार्ड एका हातात आणि पाठीवर विटा घेऊन पाऊण शंभर किलोमीटर उभी राहणार काय. टी४८० दीड किलोच्या जरा वर आहे.

आता तुझी बाजू. नवीनला कंपनीची वर्षाची वॉरंटी असते हे खरं. परीक्षेच्या तोंडावर बंद पडला तर तू तिकडं, दुकान इकडं, हे माझ्या डोक्यात आहे, दोन रात्री मी तेवढ्यावरच घालवल्यात. आई तर म्हणूलीय की पोरीला उष्टं का द्यायचं, दादाला नवा आणि हिला जुना काय. तिला काय सांगू, दादाचा नवा होता म्हणून तर हा प्रकार. तरी पण तुला नवीनच पाहिजे असेल तर माझं ऐकून तो चंदेरी तरी सोड, आणि आय३-१२१५यू नाहीतर ७५३०यू वाला बघ, ज्यात रॅमचा निदान एक स्लॉट आहे. भिशीचे ३५ हजार ठेवलेत, त्याच्या वर दोन चार गेले तर मी बघतो, साड्यांचं काम सध्या मंद आहे पण गणपतीच्या अगोदर उचलेल. रिफर्बिश्ड घेतलास तर उरलेल्यातनं एक बाहेरची हार्डडिस्क आणि चांगली बॅग, आणि बाकीचे तुझ्या खात्यावर राहू देत, रिपेरीला. ते पैसे मेसच्या बाहेर खायला नाहीत.

ठरवणार तूच, वापरणार तूच. फक्त ऑनलाईन ऑर्डर एकदम मारू नको, शनिवारी ये, दोन्ही हातात घेऊन बघ, मग सांग. हेस्कॉम वीजकंपनीनं रविवारी लाईट काढणार म्हणून कळवलंय, त्यामुळं दुकानात शनिवारीच संध्याकाळी जाऊ, साडेपाचपर्यंत पोचशील अशी बस बघ.

आणि मागच्या खेपेचे दोन डबे आण, आई तिसऱ्यांदा विचारूलीय. झाकणं पण.

तुझा,
आप्पा
वडगाव, बेळगाव