लाँगबो घेण्याआधी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

नवशिक्यांचा कोर्स संपला आणि आता स्वतःचं धनुष्य हवं, तेही लाँगबोच, म्हणजे माणसाएवढं लांब साधं धनुष्य, हे वाचून बरं वाटलं. पण ‘शंभर पौंडांचं घेऊ का?’ (किंमत नव्हे, दोरी पुरती ओढायला लागणारा जोर!) इथे आलो आणि कपाळाला हात लावला!

अरे, आधी ब्रिस्टलहून पोर्ट्समथला जाऊन मेरी रोझ संग्रहालय बघून ये. आठव्या हेन्रीचं हे जहाज १५४५ मध्ये बुडालं, १९८२ मध्ये वर काढलं. त्यातून यूच्या लाकडाची शंभरावर अख्खी धनुष्यं निघाली, जवळजवळ दोन मीटर लांब. त्यातली बरीचशी शंभर पौंडांच्या वरचीच असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पण ती ओढणारे पोरवयापासून तेच करत आलेले. तिथल्या काही सांगाड्यांत खांद्याच्या हाडाचं टोक सांधलेलंच नाही, आणि ते या ओढण्यामुळेच झालं असावं असं म्हणतात. तुझा खांदा दिवसभर माउस हलवतो. तीस-पस्तीस पौंड पुष्कळ झाले.

आता प्रकार. अमेरिकन फ्लॅटबोची पाती, म्हणजे मुठीच्या वरचे-खालचे वाकणारे भाग, रुंद नि चपटी, त्यामुळे ताण पसरतो आणि साधं लाकूडही टिकतं. मूठ ताठ, हाताला हिसका कमी, बाण टेकवायला बहुधा खाचही असते. रिफ्लेक्स-डिफ्लेक्स, म्हणजे मुठीपाशी मागे नि टोकांना पुढे वळवलेलं, त्याहून वेगवान, पण त्यात फायबरग्लासचे थर आले की मला ते धनुष्य परकं वाटायला लागतं. शिवाय इथल्या स्पर्धांत या दोन्हींना इंग्लिश लाँगबोच्या गटात घेत नाहीत.

इंग्लिश लाँगबो अरुंद आणि जाड. यूच्या एकाच ओंडक्यात बाहेरचं पांढुरकं लाकूड ताण सोसतं, आतला तांबूस गाभा दाब. चांगला यू महाग, म्हणून कारागीर हिकरी, बांबू वगैरेंचे थर चिकटवून धनुष्य बनवतात. तुला तेच परवडेल. खाच नाही, बाण थेट धनुष्य धरलेल्या हातावरून जातो. बाणाच्या पिसाचा पुढचा देठ बोट चांगलंच सोलतो, म्हणून मी तिथे दोऱ्याचे वेढे घालून वर गोंद लावतो. नेम बसायला वेळ लागतो, गुण कमी पडतात, चिडचिड होते.

तरी तू इंग्लिशच घे. अजिंकोर्टचं, म्हणजे इंग्लिश तिरंदाजांनी गाजवलेल्या १४१५ च्या लढाईचं, वेड डोक्यात असताना फ्लॅटबो घेतलास तर महिन्याभरात विकायला काढशील, तुला काय मी आज ओळखतो?

एकच बघ. पौंडांचा आकडा बहुधा २८ इंच ओढीचा, म्हणजे दोरी तितकी मागे खेचल्यावरचा, असतो. तुझे हात लांब. २८ साठी केलेलं लाकूड ३० पर्यंत खेचलंस तर मोडूही शकतं. क्लबातल्या कुणाकडून ओढ मोजून घे, आकडा मला कळव, मग इथल्या कारागिराला विचारतो. आणि बाण न लावता दोरी सोडून बघायचा मोह आवर.

वहिनींना नमस्कार. उत्तर लवकर पाठव, कारागिराकडे रांग मोठी असते.

तुझा,
मिलिंद