सिगारेटच्या बाजूचे युक्तिवाद

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

सिगारेट म्हणतात तितकी वाईट नाही असं सांगणारं इंटरनेटवरचं जे जे तू पाठवलंस ते सगळं सावकाश वाचलं. तुझी काळजी वाटते, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

नव्वदीपर्यंत ठणठणीत राहिलेल्या, रोज सिगारेट ओढणाऱ्या आजोबांची गोष्ट खरी असेल. दीर्घकाळ ओढणाऱ्यांपैकी साधारण निम्मे त्यापायी दगावतात, म्हणजे उरलेले निम्मे त्याने मरत नाहीत. तेव्हा असे आजोबा भेटणारच. पन्नाशीत गेलेले मात्र आपली गोष्ट सांगायला उरत नाहीत.

‘दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही,’ हे तुला सर्वांत पटलेलं दिसतं. वाक्य बरोबरच आहे. १९५०च्या दशकात रोनाल्ड फिशर हा दिग्गज संख्याशास्त्रज्ञ हेच म्हणत होता: माणसाला सिगारेटकडे ओढणारं जनुकच कदाचित कर्करोगही आणत असेल. फिशर स्वतः पाइप ओढायचा आणि तंबाखू उत्पादकांचा सल्लागारही होता. पण तेवढ्यावरून त्याचं म्हणणं खोटं ठरत नाही. तसं ठरवायची घाई आपणही करू नये. त्याचं म्हणणं खोटं पडलं ते हिशेबाने. १९५९ साली जेरोम कॉर्नफिल्ड या संख्याशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की सिगारेट ओढणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग नऊपट आढळत असेल आणि त्यामागे निव्वळ ते छुपं कारण असेल, तर तेही त्यांच्यात निदान नऊपट आढळायला हवं. एवढं प्रबळ जनुक कुणालाच दाखवता आलं नाही. शिवाय सिगारेट सोडली की धोका वर्षागणिक उतरत जातो. जनुक तर होतं तिथेच असतं!

म्हणून कुणी शंका काढली की मी पाहतो, त्या शंकेला उत्तर मिळाल्यावर हा माणूस काय करतो. ते उत्तर विचारात घेतो, की तीच शंका पुन्हा नव्याने मांडतो? शंका जिवंत ठेवण्यातच कुणाचा तरी फायदा असतो रे. १९६९ सालच्या एका सिगारेट कंपनीच्या अंतर्गत टिपणात ‘शंका हेच आपलं उत्पादन’ असं चक्क लिहिलेलं आहे.

सिगारेट सोडा म्हणणारे, माझ्या बाजूचे लोकही कधी कधी वाढवून सांगतात. सिगारेट सोडली की फुप्फुसं पुन्हा नव्यासारखी होतात, हे खरं नाही. हवेच्या पिशव्या एकदा नष्ट झाल्या की परत येत नाहीत. असली विधानं मी पुढे पाठवत नाही.

‘दिवसाला एकच’ हा तुझा आधारही कच्चा आहे. हृदयविकाराचा वाढीव धोका रोज वीस ओढणाऱ्याला जेवढा, त्याच्या जवळपास निम्मा रोज एक ओढणाऱ्यालाही असतो.

सिगारेट ओढणाऱ्या आणि न ओढणाऱ्या ब्रिटिश डॉक्टरांवर केलेला अभ्यास १९५१ साली सुरू झाला आणि पन्नास वर्षं चालला. सिगारेट ओढत राहिलेले, न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षं आधी गेले. पन्नासाव्या वर्षाच्या सुमारास सोडणाऱ्यांना त्यातली सुमारे सहा परत मिळाली, चाळिसाव्याच्या सुमारास सोडणाऱ्यांना नऊ. तुझी चाळिशी अजून व्हायची आहे. या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊया, मी सोबत येतो. कोणता दिवस जमेल ते कळव.

तुझा,
जुना मित्र