निर्लेखनाआधी झाकण उघडा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टचे मोफत अपडेट, संपला. तेव्हापासून शाळा, पतसंस्था, वाचनालये आणि सोसायट्यांच्या कार्यालयांतले धडधाकट डेस्कटॉप निर्लेखनाच्या, म्हणजे दप्तरातून कायमचे कमी करण्याच्या, यादीत जाऊ लागले आहेत. "यावर विंडोज अकरा चढत नाही" एवढे कुणी म्हटले की पुरते. संगणक दुरुस्तीच्या धंद्यातली माणसे म्हणून आमचे सांगणे एवढेच, की यादीवर सही करण्याआधी झाकण उघडून पंधरा मिनिटे तपासणी व्हावी. पडद्यावरचा एक संदेश वाचून मशीन भंगारात काढू नये.

आधी त्या संदेशाचेच पाहू. विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर लागतो. शिवाय ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेली पद्धत), सिक्युअर बूट (फक्त खात्रीची प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा भाग) हवे. पिढी ओळखणे सोपे आहे. 'आय५-८४००'मध्ये आडव्या रेघेनंतर ८ आहे, म्हणजे आठवी. 'आय३-१०१००' असेल तर दहावी. आठवीच्या पुढचे मशीनही "चालणार नाही" म्हणते, तेव्हा बहुतेक वेळा टीपीएम फक्त बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) बंद असतो. तो वेगळा विकत आणायचा भाग नाही, या मशिनांत तो प्रोसेसर किंवा चिपसंचातच असतो. इंटेलच्या बोर्डावर त्याचे नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबून 'टीपीएम डॉट एमएससी' टाइप केले की तो चालू आहे की नाही ते कळते.

दुसरा अडथळा डिस्कच्या मांडणीचा. मशीन विकत घेताना विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीने टाकलेले असेल तर सिक्युअर बूट चालू होत नाही. विंडोज १०मध्येच असलेली 'एमबीआरटूजीपीटी' ही आज्ञा डेटा न पुसता मांडणी बदलते. आधी तिचा 'व्हॅलिडेट' पर्याय चालवून पाहावा, मग 'कन्व्हर्ट', आणि त्यानंतरच बायोसमध्ये लेगसी किंवा सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याचा पर्याय) बंद करून यूईएफआय निवडावे. गडबड होते ती या क्रमात. आधी बायोस बदलला की मशीन विंडोज सुरूच करत नाही, समोरचा माणूस घाबरतो आणि सरळ फॉरमॅट मारतो. खरे तर बायोसचा पर्याय जुन्या जागी नेला की सगळे पूर्ववत होते. बॅकअप मात्र कोणत्याही परिस्थितीत आधी घ्यावा.

आता सातव्या पिढीचे आणि त्याआधीचे डेस्कटॉप. कार्यालयांत चौथ्या पिढीचे, म्हणजे २०१३-१४च्या सुमाराचे आय३ आणि आय५ अजून पुष्कळ आहेत. ते विंडोज ११च्या अधिकृत यादीत बसत नाहीत, हे खरे. घरगुती मशिनासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत विंडोज १०चे सुरक्षा अपडेट देऊ केले आहेत. आवृत्ती २२एच२ असावी लागते. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा येतो, आणि आपली सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट खात्याशी सिंक केली तर पैसे पडत नाहीत. डोमेनला जोडलेल्या कार्यालयीन मशिनांना मात्र ही घरगुती योजना लागू नाही. रूफससारख्या साधनाने अटी चुकवून ११ टाकून देणारेही आहेत. घरी हौसेने कुणी करावे, पण संस्थेच्या हिशेबाच्या मशिनावर आम्ही ते करत नाही: पुढचे मोठे अपडेट आपणहून येत नाही, दरवर्षी तीच कसरत. कोअर २ ड्युओच्या काळातल्या बहुतेक प्रोसेसरांवर विंडोज ११ची २४एच२ आवृत्ती मुळात सुरूच होत नाही, कारण तिला लागणाऱ्या काही सूचना त्या चिपमध्ये नाहीत.

पण बहुतेकांची मूळ तक्रार विंडोज ११ची नसतेच. तक्रार असते, "फार हळू झालाय." तेव्हा कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि परफॉर्मन्सचे पान पाहावे. सीपीयू १२ टक्क्यांवर निवांत बसलेला, आणि डिस्क मात्र १०० टक्के, प्रतिसादाची सरासरी वेळ ३०० मिलिसेकंदांच्या पुढे: हे चित्र दिसले की निदान झाले. प्रोसेसर म्हातारा झालेला नाही, तो हार्ड डिस्कची वाट बघत बसला आहे. ७२०० फेऱ्यांच्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. हवा असलेला भाग डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, त्यात डोके सरकण्याचे आठ-नऊ मिलिसेकंद, म्हणजे विखुरलेल्या बारीक फायली सेकंदाला ऐंशीच्या आसपासच वाचून होतात. विंडोज सुरू होताना अशा हजारो फायली मागते. साधी एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर साठवणारी डिस्क) हेच काम सेकंदाला हजारोंच्या घरात करते. म्हणून पैसे मोजकेच असतील तर पहिला खर्च एसएसडीचा, आणि बऱ्याचदा शेवटचाही तोच ठरतो.

घ्यायची ती अडीच इंची साटा एसएसडी, २४० किंवा २५६ जीबीची. दुकानदाराने एनव्हीएमई (बोर्डावरच्या खाचेत बसणारी वेगवान एसएसडी) दाखवली तरी भुलू नये. एच६१, एच८१ असल्या जुन्या बोर्डांवर तिची खाच नसते, आणि अडॅप्टर कार्डावर बसवली तरी जुना बायोस तिच्यावरून सहसा सुरू होत नाही. एच८१वर ६ गिगाबिटचे दोन आणि ३ गिगाबिटचे दोन साटा पोर्ट असतात. एसएसडी ६च्या पोर्टला लावावी. एच६१वर सगळेच ३चे आहेत, पण त्याने अडत नाही, कारण फरक पडतो तो बारीक फायलींच्या वाचनात. फिरणारा भाग नसल्याने ब्रॅकेट नसला तरी दुहेरी टेपने चिकटवून भागते. वीजजोडणी कमी पडली म्हणून जुन्या मोठ्या चारपिनी प्लगवरून साटा करणारा कनेक्टर घ्यावा लागला, तर अखंड साच्यात ओतलेला घेऊ नये. आत तारा एकमेकींजवळ सरकून तो जळाल्याची उदाहरणे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहेत. वायर वरून दाबून बसवलेला, उघडता येणारा कनेक्टर बरा.

विंडोज नव्याने टाकावे की जुने जसेच्या तसे उतरवावे? आमचा कल नव्याकडे. डिजिटल परवाना मदरबोर्डाशी बांधलेला असतो, त्यामुळे तीच आवृत्ती टाकून नेट जोडले की सक्रियता परत येते. उतरवायचेच असेल तर क्लोनझिला हा प्रोग्रॅम फुकट आहे, पण मोठ्या डिस्कवरून छोट्या एसएसडीवर ते सरळ उतरवत नाही. आधी पार्टिशन आक्रसावे लागते. उतरवून झाल्यावर पहिल्यांदा मशीन चालू करताना जुनी डिस्क काढून ठेवावी. दोन्ही एकदम लावल्या तर दोघींची ओळखखूण सारखीच निघते आणि विंडोज एकीला बाजूला बसवते. जुनी डिस्क नंतर फोटो आणि फायलींसाठी पुन्हा जोडता येते, पण त्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ०५, सी५ आणि सी६ या खराब भागांच्या ओळी बघाव्यात. तिथे शून्याखेरीज काही असेल तर त्या डिस्कवर भरवसा ठेवू नये. एकटी सी७ वाढत असेल तर मात्र दोष सहसा केबलचा असतो. केबल बदला, डिस्क बरी आहे.

रॅमचे थोडक्यात. ब्राउझर, हिशेब आणि टायपिंग यांना ८ जीबी पुरते. ४ जीबीवर चार टॅब उघडले की डिस्कची ओढाताण सुरू. चारच्या दोन पट्ट्या आठच्या एकीपेक्षा बऱ्या, कारण दोन मार्ग एकदम चालतात. डीडीआर३ आणि डीडीआर४ची खाच वेगळ्या जागी असते, जोर लावून बसवू नये. बाजारात डीडीआर३ची ८ जीबीची एक स्वस्त पट्टी मिळते, वर बारीक अक्षरांत 'फक्त एएमडीसाठी' लिहिलेले असते. ती इंटेलच्या बोर्डावर चालत नाही आणि मशीन नुसते बीप देत बसते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला घ्या की पुण्याच्या तापकीर गल्लीत, बदलून मिळण्याची बोली आधी करून घ्यावी. भाव इथे देत नाही, हल्ली पत्र छापून येईपर्यंत ते बदललेले असतात.

पावसाळ्यानंतर कोकण-गोव्यातून "डिस्प्लेच येत नाही" म्हणून येणारी मशिने बरीचशी रॅमच्या सोनेरी कडांवर चढलेल्या थरामुळे अडलेली असतात. प्लग काढावा, पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरावे, पट्टी काढून कडा पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसाव्यात. खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नये. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळाले तर तेच वापरावे. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरावे, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. हीटसिंक काढली तर जुनी वाळलेली पेस्ट पूर्ण पुसून वाटाण्याच्या दाण्याएवढी नवी लावावी, जास्त नको. इंटेलच्या मूळ पंख्याच्या चार खिट्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दाबाव्यात आणि चारही बसल्याची खात्री बोर्डाच्या मागून करावी. एक खिटी अर्धवट राहिली तरी मशीन दहा मिनिटांनी बंद पडते, आणि दोष बिचाऱ्या प्रोसेसरवर येतो.

सर्वात स्वस्त दुरुस्तीची गंमत वेगळीच. रोज सकाळी तारीख मागे जाते, आणि ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणतो. लोक व्हायरस समजतात. प्रमाणपत्राची मुदत तपासायला ब्राउझर मशिनाची तारीख वापरतो. ती चुकली की सगळीच प्रमाणपत्रे खोटी दिसतात. मदरबोर्डावरची सीआर२०३२ ही नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी बदलली की प्रश्न मिटतो. बदलण्यापूर्वी बायोसमधल्या साटा मोडचा (डिस्क कशा पद्धतीने चालवायची त्या पर्यायाचा) फोटो काढून ठेवावा. बॅटरी काढल्यावर तो कधीकधी एएचसीआयवरून दुसरीकडे जातो आणि विंडोज निळा पडदा दाखवते.

वीज हा आपल्याकडचा मोठा शत्रू. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या (मशिनाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) फिल्टरमधल्या कपॅसिटरांमुळे अशा वेळी पत्र्यावर शंभरेक व्होल्ट तरंगत असतात. स्पाइक गार्डवर पैसे घालण्याआधी अर्थिंग करून घ्यावे. विजांच्या दिवसांत प्लगबरोबर नेटची केबलही काढावी, पोर्ट जळतात ते त्या वाटेने. बायोसमध्ये १२ व्होल्टची ओळ ११.४ ते १२.६च्या बाहेर दिसली, किंवा कपॅसिटरची टोपी फुगलेली दिसली, तर एसएमपीएस बदलावा. ब्रँडेड छोट्या डेस्कटॉपांना बाजारातला साधा एसएमपीएस अनेकदा बसत नाही, प्लगच्या पिना मोजून घ्याव्यात.

ज्यांना विंडोज नको त्यांच्यासाठी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती बरी. २२ मालिकेला २०२९पर्यंत अपडेट आहेत. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता ती चालवून बघता येते. मराठी इनस्क्रिप्ट कळफलक त्यात असतोच. बघायची ती आपली खास अवजारे: श्रीलिपीचा डोंगल, जीएसटीच्या सहीचे टोकन, कॅननचा एलबीपी २९००. तो प्रिंटर लिनक्सवर भल्याभल्यांना रडवतो. डीटीपीच्या दुकानातले पेजमेकरचे मशीन विंडोज ७ किंवा एक्सपीवरच राहू द्यावे, पण नेटची तार काढून. फाइल पेनड्राइव्हने न्यावी. चौथ्या पिढीवर यूट्यूब अडखळत असेल तर तिची चिप व्हीपी९ हे व्हिडिओचे स्वरूप स्वतः उलगडत नाही. त्याऐवजी एच२६४ हे स्वरूप मागणारे ब्राउझरचे छोटे एक्स्टेन्शन टाकले की सीपीयू शांत होतो.

सगळेच वाचवण्यासारखे असते असे नाही. पेंटियम ४ आणि पेंटियम डी राहू द्या. चौथ्या पिढीच्या आय३-४१३०ची उष्णता-मर्यादा (टीडीपी) ५४ वॅटची, तर पेंटियम डी ९५ ते १३० वॅटच्या घरात. ५० वॅटचा फरक रोज आठ तास, वर्षात ३०० दिवस धरला तर १२० युनिटे होतात, आणि काम त्याहून हळू. डीडीआर२ रॅमच्या बोर्डावरही नवा पैसा घालू नये.

अशी मशिने निर्लेखित करताना एक गोष्ट हमखास राहते. सभासदांची आधार क्रमांकांसह माहिती असलेली हार्ड डिस्क कॅबिनेटबरोबरच भंगारवाल्याकडे जाते. क्विक फॉरमॅटने काहीही पुसले जात नाही. 'क्विक फॉरमॅट'समोरची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केला तर सगळीकडे शून्ये लिहिली जातात, ५०० जीबीला दीड-दोन तास लागतात. डिस्क बंदच पडली असेल तर तिला ड्रिलने आरपार भोके पाडावीत. ई-कचऱ्याचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत, तेव्हा उरलेला सांगाडा नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्याकडेच द्यावा. आणि निर्लेखनाच्या यादीत डिस्कचा अनुक्रमांक, ती कशी पुसली आणि कोणी पुसली, हे तीन रकाने वेगळे असावेत.

आपला,
एक वाचक
(संगणक दुरुस्ती व्यवसाय), सोलापूर