बाबा, अडीच वाजले

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
साष्टांग नमस्कार.

पहिली ओळ लिहायला चार दिवस गेले, म्हणून आता सरळच लिहिते. गणेश चवथीला आले तेव्हा तेलपाणी करून आणते म्हणून तुमचं क्रोनोमीटर, ते जहाजावरचं अचूक घड्याळ, पुण्याला घेऊन आले. ते परत येणार नाही. मी ते विकलं. तेलपाण्याचं खोटं नव्हतं, बाबा. कारागिराकडून साफ करून, तेल बदलून घेतलं. पण विकायचं तेव्हाच मनात होतं आणि तुमच्यासमोर बोलायचा धीर झाला नाही.

रागवा, पण आधी पूर्ण ऐका. आई, तू वाचून दाखव, त्यांना चष्मा शोधत उठू देऊ नकोस.

सप्ताहाच्या आदल्या दिवशी तुम्ही पडलात, हे मला आईनं आठ दिवसांनी सांगितलं. अंगात ताप, तरी आठाच्या ठोक्याला उठून चावी द्यायला गेलात. एका हातानं गिंबलमधली, त्या झुलत्या कड्यांमधली, घड्याळाची पितळी वाटी उलटी धरायची, दुसऱ्यानं चावी घालून साडेसात फेरे द्यायचे. तुमच्या हाताचा कंप आता ते करू देत नाही. माझं म्हणणं नाही हे, तुमची रोजच्या नोंदींची वही सांगते. जूनपासून तीन ठिकाणी लिहिलंय, ‘फेरे मोजताना चुकलो’. मागची सगळी पानं चाळली, ते वाक्य कुठेच नाही. एकदा चावी दिली की ते छप्पन्न तास चालतं, एक सकाळ हुकली म्हणून बंद पडत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. पण तुम्ही ती एक सकाळ हुकू देणार नाही, हेही मला ठाऊक आहे ना.

हॉटेलात शोभेला मांडणाऱ्याला दिलेलं नाही, हे आधी सांगते. ज्यांना या घड्याळांचं वेड आहे अशाच चार-पाच जणांना विचारलं. कुणीही आधी किंमत विचारली नाही. तबकडीवरचा नंबर आणि पेटीवरचा नंबर एकच आहे का? पितळेला पॉलिश मारलंय का? आई, दर दिवाळीला तू चिंच घेऊन घासायला जायचीस आणि बाबा पेटीला हात लावू द्यायचे नाहीत, ते किती बरं झालं! मग त्यांनी चाल विचारली, म्हणजे ते रोज किती पुढे-मागे जातं ते. मी चौदा दिवस रोज त्याच वेळी मोजून लिहिलं. रोज सव्वा सेकंद पुढे, पण चौदाही दिवस तेवढंच. पुढे जाणं हा दोष नाही, रोज सारखंच जाणं महत्त्वाचं, हे तुमचं वाक्य मी जसंच्या तसं कळवलं. सेंट ऑल्बन्सच्या थॉमस मर्सरचं काम आणि तुमची निगा, दोन्ही त्यांना पटलं.

सगळ्यांत जास्त पैसे देणाऱ्याला ते बंद ठेवून दिवाणखान्यात मांडायचं होतं. त्याला नाही म्हटलं. परदेशातूनही विचारणा आली होती, पण ते देशाबाहेर जाऊ द्यायला मन धजेना. शेवटी कोचीच्या एका निवृत्त मरीन इंजिनियरना दिलं. पंधरा हजार कमी आले, पण ते रोज सकाळी आठला चावी देणार आहेत. कुरिअर नको म्हणाले, स्वतः न्यायला आले. बॅलन्सखाली, त्या झुलणाऱ्या चाकाखाली, बुचाचे दोन पातळ तुकडे सरकवून मी ते थांबवलं. त्या आधी इतका वेळ हात धुतले, इतका वेळ बसून राहिले. ती टिकटिक थांबल्यावर खोली कशी वाटली ते लिहिता येत नाही. त्यांनी पेटी मांडीवर घेतली. अलंगला तुमचं जहाज तोडायला लागलं तेव्हा तुम्हीही रेल्वेतून अशीच मांडीवर आणली होतीत ना?

बाबा, माझं सगळं भूगोलाचं गणित त्या पेटीतून आलं. आपल्याकडे सकाळचे आठ वाजले की तिच्यात ग्रीनिचचे अडीच. ‘बाय, अडीच वाजले’ म्हटलं की मी अंथरुणातून धावत यायची, पेटीला कान लावून अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचे ठोके मोजायची. मे महिन्याच्या सुरुवातीला अंगणात काठी रोवून साडेबारा वाजायची वाट बघायला लावायचात. वास्कोचं मध्यान्ह घड्याळातल्या बाराला होत नाही, साडेबाराच्या पुढे होतं, हे मला शाळेत कुणी सांगायच्या आधी माहीत होतं. काठीची सावली जवळजवळ नाहीशी व्हायची आणि तुम्ही मला उचलून घ्यायचात. त्या वेळी तुमचे हात किती घट्ट होते.

आता पैशांचं. न्हाणीघरात भिंतीला आधाराचे दांडे, फरशी खडबडीत. इन्व्हर्टर, म्हणजे पावसात वीज गेली तरी तुमच्या खोलीतला पंखा चालेल. सकाळी पेज करून द्यायला, भांडी घासायला शेजारच्या बाईंना मी बोलून ठेवलंय. आई, नको म्हणायचं नाही. बाबा, बीपीची गोळी नाश्त्यानंतर घ्यायची, भूक नसली तरी. स्टुलावर चढायचं नाही, कौलं पाहायला तर मुळीच नाही. पाववाला पोदेर आला की हाक मारा, गेटपर्यंत जाऊ नका.

एक गोष्ट मात्र मी ठरवलेली नाही. तुमची रोजच्या चालीची वही कोचीच्या त्या गृहस्थांना हवी आहे. तिचे वेगळे पैसे देतो म्हणाले. मी दिली नाही. ती माझ्या कपाटात आहे, शनिवारी गोवा एक्स्प्रेसनं येताना घेऊन येते. द्यायची की ठेवायची ते तुम्ही सांगा. आणि सकाळी आठला त्यांना फोन लावून द्यायला सांगितलंत, तर ते रिसीव्हर पेटीजवळ धरायला तयार आहेत. मी विचारून ठेवलंय.

तुमची,
बाय