डोंगरगावांत मुक्कामी गाड्यांसाठी व्यवस्था हवी

महोदय,

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून ठाणे-भिवंडीकडून घोटी आणि पुढे अकोले तालुक्यातील डोंगराळ गावांपर्यंत जाणे बरेच सोपे झाले आहे. त्याच सुमारास झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचालयाचीही सोय असलेली कॅम्परव्हॅन भाड्याने घेऊन सह्याद्रीत लांबच्या प्रवासाला निघणारी कुटुंबेही दिसू लागली आहेत. या उन्हाळ्यात आम्हीही अशाच गाडीने ठाण्याहून निघून घाटमाथ्याच्या कडेने हिंडलो, आणि त्या प्रवासात जे पाहिले त्यावरून अशा मुक्कामी गाड्यांसाठी गावांत सोय करण्याचा विषय आपल्या वृत्तपत्राद्वारे शासनापुढे व माझ्यासारख्या प्रवाशांपुढे मांडावासा वाटतो.

आमचा सर्वांत मोठा मुक्काम भंडारदरा जलाशयाच्या काठी, रतनगडाच्या पायथ्याशी असलेल्या रतनवाडीत झाला. अमृतेश्वराचे कोरीव मंदिर आणि त्याजवळची, भिंतींतल्या देवळ्यांमध्ये मूर्ती असलेली पुष्करणी पाहून बहुतेक पर्यटक दुपारीच परततात. आम्हाला खोली सोडण्याची वेळ पाळायची नव्हती, म्हणून त्यानंतरचे गाव पाहायला मिळाले. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याचे, म्हणजे राबाचे, काम तेव्हा संपत आले होते. शेण, पालापाचोळा आणि फांद्यांचे थर वाफ्यावर पसरून ते जाळले की तणाचे बी मरते आणि राखेत रोप जोमाने उगवते, हे एका आजींनी आम्हाला वाफ्याच्या कडेला उभे राहून समजावले. अंगणात वाळत घातलेला बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळे, हे महादेव कोळी कुटुंबांच्या हाती रोख रक्कम येण्याचे मोठे साधन आहे, हेही तेथेच कळले. भात पिकवणाऱ्या घरात नागलीची (नाचणीची) भाकरीही तितकीच मानाने वाढली जाते. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांचे बियाणे जपले आणि त्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली, त्यामागे केवढे मोठे शेतीज्ञान घराघरांत टिकून आहे याची कल्पना धावत्या सहलीत येत नाही.

चिंता वाटते ती मुक्कामी गाडीमुळे गावावर पडणाऱ्या भाराची. जी गाडी अंथरूण, शेगडी आणि महिन्याभराचा किराणा बरोबर घेऊन येते, तिच्यातील माणसांना गावात एक रुपयाही खर्च न करता राहता येते. गावाला मात्र पाणी द्यावे लागते आणि घाण स्वीकारावी लागते. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस भरपूर पडतो, पण काळ्या कातळात तो फारसा साठत नाही, त्यामुळे अनेक वाड्या-पाड्यांचे झरे उन्हाळ्यात आटतात. हे समजायला ठाणेकरांनी दूर जाण्याचीही गरज नाही. आपल्या जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा ही धरणे आहेत, मुंबई-ठाण्याच्या नळांना तेथून पाणी येते, आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी गाडीची टाकी सार्वजनिक विहिरीवर भरून घेणे मला तरी अन्यायाचे वाटते.

सांडपाण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. कातळाच्या भेगांतून मुरणारे पाणीच खाली झऱ्याला लागते, म्हणून शौचालयाची टाकी ओढ्याकाठी किंवा माळावर रिकामी केली तर ती घाण कोणाच्या तरी हंड्यात जाण्याचा धोका असतो. शिवाय दुर्गंधी दाबण्यासाठी या टाक्यांत जी रसायने घालतात, त्यांतील काही मैला कुजवणाऱ्या जिवाणूंनाही मारतात; त्यामुळे एखाद्या घराच्या शोषखड्ड्यात टाकी ओतणे हाही उपाय नव्हे. मे अखेरीस काजव्यांचा हंगाम सुरू झाला की गाडीचे दिवे हीसुद्धा अडचण होते. काजवे चमकून जोडीदार शोधतात आणि प्रखर उजेडात त्यांचे संकेत हरवतात. त्यांच्या अळ्या जमिनीवर, ओलसर पालापाचोळ्यात वाढतात, त्यामुळे रस्ता सोडून झाडाखाली गाडी नेल्यास त्या चाकांखाली चिरडतात.

राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे आणि २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. दुसऱ्या धोरणात अशा गाड्यांसाठी खास वाहनतळांची कल्पना आहे आणि ती योग्यच आहे, मात्र आमच्या संपूर्ण प्रवासात एकाही डोंगरगावात तशी सोय आम्हाला आढळली नाही. मोठा खर्च करून पर्यटन संकुले उभारण्यापेक्षा ग्रामपंचायतीच्या ताब्यातील एखादी सपाट जागा, पाण्याचा मोजमाप असलेला नळ, झऱ्यांपासून दूर बांधलेली मैल्याची टाकी आणि ती उपसून नेण्याची व्यवस्था, एवढ्याने काम भागेल. मुक्कामाचे शुल्क पावती देऊन ग्रामपंचायतीनेच घ्यावे. उन्हाळ्यात पाणी द्यायचे की नाही आणि एका वेळी किती गाड्या ठेवायच्या, हे ठरवण्याचा अधिकारही ग्रामसभेचाच असावा, कारण झरा कधी आटतो हे तिलाच ठाऊक असते. अभयारण्याच्या हद्दीतील गावांसाठी वन विभागाची संमती लागेल. ती प्रत्येक गाडीमागे नव्हे तर जागेपुरती एकदाच मिळावी.

प्रवाशांनाही काही गोष्टी आजपासून करता येतील. पिण्याचे पाणी शहरातूनच भरून न्यावे, निदान एक वेळचे जेवण गावातल्या घरी पैसे देऊन घ्यावे, तांदूळ आणि नागली तेथेच विकत घ्यावी, आणि कोणाच्या खळ्यावर वा पडीक शेतात गाडी लावण्यापूर्वी मालकाला विचारावे; ते शेत रिकामे दिसले तरी पावसाळ्यात तेथेच आवणी, म्हणजे भाताची लावणी, व्हायची असते. ठाणे-नवी मुंबईत या गाड्या भाड्याने देणाऱ्यांनी शौचालयाची टाकी परत आल्यावरच रिकामी करण्याची अट करारात घालावी आणि त्यासाठी आपल्या आवारात सोय ठेवावी.

पर्यटन संचालनालयाने आणि अहिल्यानगर, नाशिक, ठाणे या तिन्ही जिल्हा परिषदांनी पुढील काजव्यांच्या हंगामापूर्वी निदान काही गावांत ही व्यवस्था सुरू करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली नम्र,
एक वाचक, कोपरी, ठाणे (पूर्व)