जंतूंना पाचट हवं, मला पऱ्हाटी नकोशी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शेतातल्या काडीकचऱ्यापासून हायड्रोजन, ही बातमी हल्ली वरचेवर वाचतो. तीस वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं आणि आता मानवतजवळ सहा एकर करतो; चार एकर कापूस, दोन एकर ऊस. त्यामुळे बातमीतला 'टाकाऊ' शब्द खटकतो. माझ्या शेतात टाकाऊ काय आणि कामाचं काय, हे ठरवायचं कुणी?

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेची पद्धत मला मनापासून आवडली. हवा बंद टाकीत जंतूंचा समूह काडीतल्या सेल्युलोजची, म्हणजे तिच्या तंतूंची, साखर करतो आणि तिच्यातून हायड्रोजन सुटतो. उरलेल्या आम्लांपासून पुढे मिथेनही मिळतो. पण फळ्यावरचं गणित मांडल्याशिवाय राहवत नाही. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून या वाटेने जास्तीत जास्त ८ ग्रॅम हायड्रोजन. एक टन पाचटात, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांत, सहाशे किलो साखर धरली, तरी कागदावर २६-२७ किलो. टाकीत त्याहून कमीच पडणार.

आणि जंतूंना आवडतं काय? पाचट, काड, भुसा. म्हणजे जमीन आणि जनावरं आधीच मागतात तेच. माझ्या खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या उसात, मी पाचट एकाआड एक सरीत दाबतो, वर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकतो. उन्हाळ्यात ते उचलून पाहा, खालची माती ओली आणि गांडुळांनी भुसभुशीत झालेली असते. पाण्याची एखादी पाळी वाचते. एकराला साधारण चार टन पाचट निघतं, त्यात अर्धा टक्का नत्र, म्हणजे २० किलो. युरियाची एक गोणी झाली, एवढंच ना, असं कुणी म्हणेल. पण सेंद्रिय कर्ब गोणीत मिळत नाही.

मला खरोखर नकोशी असते ती पऱ्हाटी, म्हणजे वेचणीनंतर उभी राहणारी कापसाची वाळकी झाडं. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच झाडं ठेवून जादा कापूस, घेऊ नका, गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीवरच्या किडक्या बोंडांत दडते, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. ते बरोबरच आहे. पण उपटायची कशी? चिमट्याने एकेक झाड ओढताना मजुराच्या तळहाताला फोड येतात. घरोघरी सिलिंडर आल्यापासून सरपणाला कुणी नेत नाही. मग बांधावर ढीग लागतो आणि एका संध्याकाळी पेटतो. मीही पेटवलाय.

पण पऱ्हाटी लाकडासारखी. तिच्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाला कडक करणारा पदार्थ, या जंतूंना पचत नाही. तिला भट्टीची वाट बरी. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. दासप्पा यांच्या चमूने २०२२ मध्ये ऑक्सिजन आणि वाफेवर जैवभार, म्हणजे लाकूड-काडीकचरा, तापवून किलोमागे १०० ग्रॅम हायड्रोजन काढून दाखवला. त्या किलोभर जैवभारात मुळात ६० ग्रॅमच हायड्रोजन असतो. उरलेला वाफेतून येतो. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना मी हा प्रश्न नक्की घातला असता!

राज्याने २०२३ मध्ये हरित हायड्रोजनचं धोरण आणलं. केंद्राचं मिशन १९,७४४ कोटींचं, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य. ठीक. राज्यात कापूस ४० लाख हेक्टरांच्या आसपास. मग सुरुवात पाचटापासून कशाला? पऱ्हाटीपासून करा, जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने, असलेल्या गावांत गोळा करा. उसाच्या पाचटाला हात लावायचाच असेल, तर टाकीत शेवटी उरणारा गाळ शेतकऱ्याच्या शेतात परत जाईल, हे करारातच लिहा.

आणखी एक, अनुभवाचं. दोन वर्षांपूर्वी बॉयलरसाठी पऱ्हाटी नेणारा एक दलाल आला होता. दर ठरला, दोन ट्रॉल्या भरल्या, वजन झालं तिकडे कुठेतरी. 'माल ओला होता' म्हणून एक तृतीयांश रक्कम कापली आणि उरलेल्यातलेही निम्मेच पैसे आले. मार्चमधली पऱ्हाटी ओली! हातात धरली तर काटकन मोडत होती. म्हणून कारखाना कुठलाही उभा राहो, वजनकाटा आणि ओलावा मोजायचं यंत्र गावात, आमच्या डोळ्यांसमोर लागलं पाहिजे. यंदाच्या दोन ट्रॉल्या अजून बांधावरच आहेत. पावसाच्या आत कुणी नेल्या तर बरं.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. मानवत, जि. परभणी