एका छत्रीवर दोन टीव्ही

संपादक महोदय,

गच्चीवर फ्री डिशची एक छत्री आणि खाली दोन टीव्ही, अशी घरं आमच्या इंदिरानगरात पुष्कळ. दुकानदार अशा गिऱ्हाइकाला केबलचा साधा स्प्लिटर (एका वायरीचे दोन फाटे करणारी डबी) देऊन मोकळा होतो. त्यावर बारीक अक्षरांत ५ ते १००० मेगाहर्ट्झ छापलेलं असतं. छत्रीकडून येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा! म्हणजे हा स्प्लिटर त्यासाठी बनलेलाच नाही. शिवाय दोन वाटे केले की प्रत्येक वाट्याला साधारण साडेतीन डेसिबल घट येते, म्हणजे निम्म्याहूनही कमी सिग्नल उरतो.

खरी गोम व्होल्टेजची आहे. सेटटॉप बॉक्स वायरीतूनच छत्रीवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या पुढच्या भागाला) १३ किंवा १८ व्होल्ट देतो आणि त्यावरून पोलरायझेशन, म्हणजे उभ्या लहरी घ्यायच्या की आडव्या, हे ठरतं. दोन बॉक्स एकाच एलएनबीवर लावले तर एकाची निवड दुसऱ्याला भोवू शकते. मग सासू-सुनेत रिमोटवरून भांडण, ते वेगळंच.

आयटीआयमध्ये शिकवून निवृत्त झाले, म्हणून सांगते: दोन तोटीचा ट्विन एलएनबी घ्या, प्रत्येक बॉक्सला स्वतंत्र आरजी-६ वायर ओढा. दुकानदारांनीही आधी ‘केबल की छत्री?’ एवढं विचारावं. आणि पावसाळ्याआधी गच्चीवरच्या कनेक्टरला टेप गुंडाळा. पाणी शिरलं की तांबं काळं पडतं.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक